हवई : कागदी बाणाचे वाङ्मयीन पुरावे

कागदी अग्निबाण करून उडवणे हा विज्ञान दिनाच्या कार्यक्रमांतील आता रुळलेला उपक्रम आहे. त्याची जबाबदारी अर्थातच विज्ञान विभागाकडे असते. मराठी विभागाने त्यात लक्ष घालावे असे कोणाला वाटत नाही. पेण आणि रोहे या दोन गावांत मराठीचे अध्यापन करणाऱ्या आम्हाला मात्र असे वाटते की, कागदी अग्निबाणाचा महाराष्ट्रातील इतिहास लिहावयाचा झाला तर तो पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतून लिहिता येणार नाही. जी वस्तू एकदाच उडते आणि उडताना स्वतःलाच जाळून घेते, तिचा अवशेष संग्रहालयात येत नाही. तिचा पुरावा राहतो तो भाषेत आणि वाङ्मयात. प्रस्तुत लेखात हे विधान तपासून पाहण्याचा हेतू आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत या वस्तूला दोन जुनी नावे आहेत : बाण आणि हवई. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘बाण’ या शब्दाला धनुष्याच्या तीराबरोबरच दारू भरून सोडावयाच्या अस्त्राचाही अर्थ दिलेला आहे. म्हणजे ऐतिहासिक कागदपत्रांत ‘बाण सुटले’ असे वाचताना विद्यार्थी धनुष्य डोळ्यांपुढे आणतो, तेव्हा तो बहुधा एक संपूर्ण तंत्रज्ञानच गमावून बसतो. ‘हवई’ हा शब्द ‘हवा’ या अरबी-फारसी मार्गाने आलेल्या शब्दापासून झालेला. आकाशात चढणारी शोभेची दारू, हा त्याचा अर्थ. खुद्द ‘दारू’ हा शब्दही फारसी असून त्याचा मूळ अर्थ औषध असा आहे. औषध, मद्य आणि स्फोटक या तिन्हींना एकाच शब्दाने सामावून घेणारी आपली भाषा बाण आणि हवई यांत मात्र भेद करते. एक रणातला, दुसरी उत्सवातली. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरतो.

आज मुले जो कागदी अग्निबाण करतात त्याची कृती साधी आहे. प्लॅस्टिकच्या नळीभोवती कागद घट्ट गुंडाळून चिकटवायचा, एका टोकाला कागदाचाच शंकू बसवायचा, खालच्या बाजूस तीन किंवा चार पंख लावायचे. मग ही सुरळी त्याच नळीवर चढवून, नळीच्या दुसऱ्या टोकाला जोडलेली प्लॅस्टिकची रिकामी बाटली पायाने जोरात दाबायची. कोंडलेली हवा सुरळीला वर फेकते. काटेकोर अर्थाने हा अग्निबाण नव्हे, कारण त्याच्या पोटात अग्नी नाही. हवेच्या जोरावर सुटणाऱ्या या वस्तूला ‘हवई’ हेच नाव अधिक शोभावे, हा भाषेचा एक गमतीदार योगायोग. पंखांचे काम मात्र खरेखुरे आहे. शेपटाकडे हवेचा दाब अधिक पडला आणि वजन नाकाकडे राहिले, तरच सुरळी सरळ जाते. अन्यथा ती कोलांट्या खाते. जुन्या बाणाला आणि हवईला पंख नसत. तेथे हे काम बांबूची लांब काठी करीत असे. दिवाळीच्या रॉकेटला आजही काठी लागते ती याच कारणाने.

कागद दुबळा असतो, ही समजूतही येथे सोडावी लागते. पेणच्या ज्या कारखान्यांत कागदाच्या लगद्याच्या गणेशमूर्ती होतात, तेथे डिंक आणि खडूची भुकटी मिसळलेला लगदा वाळल्यावर किती कठीण होतो हे आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. थरावर थर देऊन चिकटवलेल्या कागदी नळीचे बळही तसेच. पण या बळाला मर्यादा आहे. आतील दाब वाढला की कागद फाटतो. युद्धाला ही मर्यादा परवडत नाही.

म्हणूनच रणातल्या बाणाचा इतिहास लोखंडाकडे गेला. हैदर आणि टिपू यांच्या सैन्याने लोखंडी नळ्यांचे बाण वापरले; १७८० च्या पोल्लिलूरच्या लढाईत इंग्रजांना त्यांचा तडाखा बसला. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर हे बाण इंग्लंडला गेले आणि विल्यम काँग्रीव्हच्या प्रयोगांतून तयार झालेले अग्निबाण १८०७ मध्ये कोपनहेगनवर पडले. त्याआधी १७६१ च्या पानिपतावर नजीबखानाच्या बाणांनी मराठ्यांची घोडी कशी बिथरली, हे काशीराजाच्या वृत्तांतात आले आहे. मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेतही बाणाला स्थान होते. इ. स. १७१५ च्या सुमाराच्या, रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखान्याविषयी जे नियम आहेत, त्यांत दारू आणि बाण यांना सर्दी पोहोचू न देण्याची व ठरावीक दिवसांनी ते बाहेर काढून ऊन दाखवण्याची आज्ञा आहे. रोह्याजवळच्या अवचितगडावर आषाढात एकदा जाऊन यावे, म्हणजे या आज्ञेमागील चिंता कळते. चार महिने ढगांत बुडालेल्या कोकणातल्या गडावर दारू सादळली की बाण म्हणजे नुसती काठी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाणाची नोंद झाली, कारण तो सरकारी माल होता. त्याला कोठार होते, हवालदार होता, हिशेब होता. हवईला यांपैकी काहीच नव्हते. लग्नाच्या वरातीत ती सुटली, लोकांनी माना वर केल्या, आणि ती संपली. तिची नोंद कोण ठेवणार?

नोंद ठेवली ती कवींनी आणि बखरकारांनी. आणि ती शोधून काढली एका कोकणी माणसाने. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरुखचे परशुराम कृष्ण गोडे हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अनेक दशके क्यूरेटर होते. १४०० ते १९०० या कालखंडातील भारतीय दारूकामाचा इतिहास सांगणारा त्यांचा इंग्रजी निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. ओडिशाच्या गजपती प्रतापरुद्रदेवाच्या नावावरील ‘कौतुकचिंतामणि’ या सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धातील संस्कृत ग्रंथात दारूकामाच्या कृती आहेत, हे गोड्यांनी दाखवून दिले. सोरा, गंधक, कोळसा, लोहचूर्ण, बांबूची पोकळ नळी असे सारे साहित्य तेथे आहे. पण त्या कृतींची नावे पाहावीत : कल्पवृक्षबाण, चामरबाण, चंपाबाण, पुष्पवर्ति, चंद्रज्योति. रणातला बाण उत्सवात आला आणि त्याने फुलांची नावे धारण केली. अस्त्राचे अलंकारात रूपांतर होण्याची ही प्रक्रिया साहित्याच्या विद्यार्थ्याला नवी नसावी.

गोड्यांच्या मराठी साक्षीदारांत सर्वांत महत्त्वाचे आहेत संत एकनाथ. ‘रुक्मिणीस्वयंवर’ हे त्यांचे आख्यानकाव्य शके १४९३, म्हणजे इ. स. १५७१ चे, ते काशीत पूर्ण झाले. कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहप्रसंगी त्यांनी दारूकामाची शोभा वर्णिली आहे. आकाशात चढणाऱ्या प्रकारापासून आजच्या फुलबाजीशी जुळणाऱ्या प्रकारापर्यंत. आता द्वापरयुगातल्या लग्नात तोफेची दारू कोठून येणार? टीकाकाराच्या दृष्टीने हा कालविपर्यास, म्हणजे दोष. इतिहासकाराच्या दृष्टीने हाच पुरावा. कवीने आपल्या काळातील लग्न पाहिले नसते, तर तो हा विपर्यास करू शकला नसता. पोथीतल्या लग्नाला त्याने आपल्या भोवतालची वरात दिली, आणि अजाणता सोळाव्या शतकातील दारूकामाची साक्ष नोंदवून ठेवली.

दुसरी साक्ष पेशव्यांच्या बखरीतली. कोट्याच्या राजाकडे दिवाळीत होणाऱ्या दारूकामाचे वर्णन महादजी शिंदे सवाई माधवरावांना ऐकवतात. त्यातच ‘दारूची लंका’ येते, रावण येतो आणि शेपूट पेटलेला हनुमंत येतो. मग तोच देखावा पुण्यात पर्वतीपाशी करविला जातो. महादजी १७९२ मध्ये पुण्यास आले आणि १७९४ मध्ये वारले, म्हणजे प्रसंग घडला असेल तर या दोन वर्षांतला.

येथे एक आक्षेप येऊ शकतो. काव्यात अतिशयोक्ती असते आणि बखर प्रसंगानंतर बऱ्याच वर्षांनी लिहिली जाते. मग त्यांवर विसंबावे कसे? आक्षेप रास्त आहे. आमचे उत्तर असे की, साक्षीदाराला त्याच्या आवाक्यातलेच प्रश्न विचारावेत. हवई किती उंच गेली, हे एकनाथांना विचारू नये. महादजींच्या तोंडची वाक्ये शब्दशः तीच होती का, हे बखरीला विचारू नये. पण असे दारूकाम श्रोत्यांच्या परिचयाचे होते का, त्याला कोणती नावे होती, ते कोणत्या प्रसंगी शोभत असे, या प्रश्नांना वाङ्मयाइतके भरवशाचे उत्तर दुसरे कोणी देत नाही. श्रोत्याला अनोळखी असलेल्या वस्तूने वर्णनाची शोभा वाढत नाही.

आणि कागद? त्याचे दिवस विसाव्या शतकात पुन्हा आले. १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक अवकाशात गेला आणि अमेरिकेतील मुले घरोघरी धातूच्या नळ्यांत दारू ठासू लागली. अपघात होऊ लागले. ऑर्व्हिल कार्लाइल या नेब्रास्कातील पादत्राणांच्या दुकानदाराने १९५४ मध्येच कागदी नळीचा छोटा अग्निबाण तयार केला होता. हॅरी स्टाइन यांच्या सहकार्याने तोच पुढे मुलांच्या हाती गेला. कागद निवडला गेला तो त्याच्या दुबळेपणासाठी : फुटलाच तर कागद फाटतो, लोखंडाचे तुकडे उडत नाहीत. ज्या कारणाने युद्धाने कागद टाकला, त्याच कारणाने शिक्षणाने तो उचलला. आपल्याकडे विनापरवाना दारू तयार करणे १८८४ च्या स्फोटक अधिनियमान्वये गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे; म्हणून आपली मुले हवेवर भागवतात.

कागदी सुरळीचे तत्त्वही वाया गेलेले नाही. पुण्याच्या डॉ. वसंत गोवारीकरांनी ज्या घन इंधनाच्या संशोधनाला आयुष्य वाहिले, त्याच जातीच्या इंधनावर भारताच्या पीएसएलव्ही यानाचा तिसरा टप्पा चालतो. त्याचे आवरण लोखंडाचे नाही. ते केव्हलरच्या तंतूंचे थर राळेत गुंडाळून घडवलेले असते. साच्याभोवती थरावर थर, मधे चिकट द्रव्य : हवईची नळी वळणाऱ्या कारागिराला ही रीत समजावून सांगावी लागली नसती.

त्या कारागिराचे नाव मात्र कोणत्याही ग्रंथात नाही. बाण सोडणाऱ्या सरदारांची नावे आहेत, लंका पाहणाऱ्या पेशव्याचे आहे, वर्णन करणाऱ्या कवीचे आहे. नळी वळणाऱ्याचे नाही. ‘रुक्मिणीस्वयंवर’ शिकवताना विवाहवर्णनाच्या त्या ओव्या आपण बहुधा ‘वर्णनविस्तार’ म्हणून ओलांडून जातो. तेथे दोन मिनिटे थांबावे, ओवीतल्या प्रत्येक वस्तूचे नाव फळ्यावर लिहावे आणि ती कोणी, कशाची केली असेल असा प्रश्न वर्गाला विचारावा. ज्यांच्याविषयी दप्तर मुके आहे, त्यांच्याविषयी बोलण्याची जागा वाङ्मयाने राखून ठेवली आहे; ती वाचणे हे मराठीच्या वर्गाचेच काम आहे.