मंगळावरचा क्षीण सूर

नाशिकहून पुण्याला जाताना नारायणगाव लागते. तिथून जवळच, खोडद परिसरात, गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकात ३० रेडिओ दुर्बिणी उभ्या राहिल्या. एकेकीचा व्यास ४५ मीटर. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्कियापरेली’ यानाचा अतिक्षीण संदेश त्यांनी टिपला. कंप्रता ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास. यानाचा वेग बदलला की पडद्यावरची तिची रेषा किंचित सरके. गाडी जवळून गेली की शिट्टीचा सूर उतरतो ना, तसेच. त्यावरूनच पॅराशूट उघडल्याचे कळले. पुढे रेषा एकाएकी तुटली.

मला, शब्द मोजणाऱ्याला, वेगळेच चटका लावून गेले. संदेश पोचायला सुमारे दहा मिनिटे लागत. पॅराशूटची खूण उमटली, तेव्हा यान केव्हाच कोसळलेले होते.