बोटींच्या इंधनामुळे पाणी आम्लधर्मी होते का?

जेट्टीजवळच्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसला, की पाण्याची आम्लता वाढली असावी असे वाटते. पण डिझेल-पेट्रोल स्वतः आम्ल नसते आणि पाण्यात फारसे विरघळतही नाही. त्यामुळे तवंग असलेल्या पाण्याचा सामू (पीएच) अगदी सामान्य येऊ शकतो.

आम्लता कुठून येते?

आम्लता येते ती धुरातून. इंधनातील गंधक जळून सल्फर डायऑक्साइड बनतो, तर इंजिनातील उष्णतेमुळे नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. हे वायू हवेत व पाण्यात मिसळून सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल बनते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून जगभरातील जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्के झाली. भारतात पंपांवर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये तर दहा लाख भागांत जास्तीत जास्त १० भाग गंधक असते. त्यामुळे हे डिझेल वापरणाऱ्या लहान होड्यांमुळे गंधकाची आम्लता फारशी वाढत नाही.

खाडी आणि तलाव यांत फरक

समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ८.१ असतो. त्यातील बायकार्बोनेट आम्लाचा परिणाम बराच कमी करते. विरघळलेले क्षार कमी असलेल्या गोड्या तलावात हे संरक्षण अपुरे पडते. सामू ५ च्या आसपास आला, तर बहुतेक माशांची अंडी फुटत नाहीत.

तपासणी कशी करावी?

* सामूमापक ४, ७ व १० सामूच्या प्रमाणित द्रावणांत तपासून घ्यावा. लिटमस कागदावरून फक्त ढोबळ अंदाज येतो.
* नमुना पृष्ठभागाखालून घ्यावा आणि जागेवरच मोजावा.
* जेट्टीजवळचा आणि बोटी नसलेल्या भागातला, असे दोन्ही नमुने घ्यावेत.
* वेळ रोज एकच ठेवावी, कारण शेवाळामुळे सामू पहाटे कमी आणि दुपारी जास्त असतो. खाडीत भरती-ओहोटीचीही नोंद करावी.

सामूत एका अंकाची घट म्हणजे आम्लतेत दहापट वाढ. भारतात स्नानासाठीच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, असा निकष आहे.

सामू या मर्यादेत आला तरी पाणी इंधनमुक्त ठरत नाही. गळतीची शंका असल्यास काचेच्या बाटलीत वेगळा नमुना घेऊन प्रयोगशाळेत 'तेल व ग्रीस' चाचणी करावी लागते.