दोरी ओढली, ढिम्म! : चेन सॉच्या न सुरू होण्याचा इतिहास

मंडळी, आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट बग रिपोर्ट कोणता माहितीये? "चालत नाही." बस, एवढंच. लॉग नाही, एरर कोड नाही. झाडं कापायची चेन सॉ पण असाच रिपोर्ट देते. टाकीत पेट्रोल आहे, स्विच ऑन आहे, चोक ओढलाय, दोरी पंधरा वेळा ओढून खांदा भरून आलाय आणि मशीन ढिम्म! मेकॅनिक मग ठरलेले चार प्रश्न विचारतो. ठिणगी पडते का, पेट्रोल येतं का, हवा मिळते का आणि दाब तयार होतो का? गंमत म्हणजे या प्रश्नांमागे जवळपास दीडशे वर्षांचा इतिहास दडलाय. आजचा लेख त्यावरच.

सुरुवात मात्र जंगलात नाही, दवाखान्यात होते! १७८० च्या दशकात जॉन एटकेन आणि जेम्स जेफ्री या स्कॉटिश डॉक्टरांनी दातेरी साखळीची छोटी करवत वापरली, अडलेल्या बाळंतपणात कूर्चा कापायला आणि सडलेलं हाड काढायला. (भूल द्यायची सोय तेव्हा नव्हती, त्यामुळे जास्त कल्पना न केलेली बरी.) ती हाताने चालायची, म्हणजे "सुरू होत नाही" ही तक्रारच नव्हती.

आंद्रेआस स्टील यांनी १९२६ मध्ये जर्मनीत लाकूड कापायची साखळी-करवत बनवली तीही विजेवर चालणारी. उचलायला दोन माणसं, पण सुरू करायला नुसतं बटण. आता जंगलात वीज कोण नेऊन ठेवणार? १९२७ मध्ये एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोल्मार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखवली आणि १९२९ मध्ये स्टीलचंही पेट्रोल मॉडेल आलं. वायर सुटली, पण दोरी गळ्यात पडली.

खांद्यावर न्यायचं इंजिन हलकं हवं, म्हणून निवड झाली टू-स्ट्रोकची. इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या जोसेफ डे यांनी १८९० च्या आसपास एक साधी युक्ती काढली होती. पिस्टनच्या खालची बंद पेटी, म्हणजे क्रँककेस, हीच पंपासारखी वापरायची. पिस्टन वर गेला की खाली हवा-पेट्रोल ओढलं जातं, खाली आला की तेच मिश्रण वर ढकललं जातं. वेगळे व्हॉल्व्ह नाहीत, ऑईलची वेगळी टाकी नाही. म्हणून तर ऑईल पेट्रोलमध्येच मिसळतात, ५० ला १ म्हणजे लिटरला २० मिली. पण याची किंमत अशी की ती पेटी हवाबंद राहिलीच पाहिजे. सील फाटलं की इंजिनाचा श्वासच बंद. दाबाचा प्रश्न इथून आला.

ठिणगीचा प्रश्न बॉशच्या कारखान्यातला. १९०२ च्या सुमारास गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याच्यासोबत स्पार्क प्लग तयार केला. चुंबक कॉइलजवळून फिरतं आणि वीज तयार होते, बॅटरी लागत नाही. पण दोरी हळू ओढली तर चुंबकही हळू फिरतं आणि ठिणगी पडत नाही. म्हणून एकच, पण जोरदार झटका! पूर्वी मॅग्नेटोत पॉइंट असायचे, त्यावर काजळी बसली की बांधावर बसून घासून साफ करता यायचे. १९६८ मध्ये स्टीलने चेन सॉमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन आणलं. बिघाड कमी झाले, पण कॉइल गेली की ती बदलायचीच, घासण्यासारखं काही उरलं नाही. (ओळखीचं वाटतंय ना? आपलं क्लाऊडचं असंच आहे.)

आता पेट्रोल. आपल्या बाबांच्या पिढीने स्कूटर वाकडी करून किक मारलेली आहे. वाकडी केली की कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल इंजिनाकडे सरकायचं. स्कूटरला हे चाललं, पण झाड कापताना करवत आडवी-उभी सगळीकडे वळते, तिथे वाटीचं काय होणार? त्यावर उत्तर होतं डायफ्रॅमचा कार्बोरेटर. वाटीऐवजी पातळ लवचिक पडदा, जो क्रँककेसच्या दाबावर हलून पेट्रोल ओढतो. मशीन कशीही धरा! १९५० मध्ये एका माणसाला पेलणारी १६ किलोची करवत आली आणि १९५९ मध्ये १२ किलोची. पण पडदा कडक झाला की पेट्रोल येणं बंद.

म्हणून आधी प्लग काढून बघायचा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, मग टाकीतला फिल्टर, नळी, कार्बोरेटर बघा. ओला असेल तर ओव्हर झालंय किंवा ठिणगी नाही. चोक बंद करा, प्लग बाहेर ठेवूनच दोरी चार-पाचदा ओढा, प्लग पुसून बसवा. तरी नाही तर कॉइल. सगळं ठीक असेल तर एअर फिल्टरचा भुसा आणि सायलेन्सरच्या जाळीतली काजळी बघा. दाब सगळ्यात शेवटी.

हे सगळं का सांगतोय? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा रस्तोरस्ती झाडं आडवी पडली होती. ती हटल्याशिवाय ना रुग्णवाहिका पुढे जाणार, ना विजेची गाडी. अशा दिवशी लागणारी मशीन उरलेलं वर्ष कोपऱ्यात पडून असते, टाकीत जुनं पेट्रोल घेऊन. त्यात २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे, त्यातलं काही आपल्याच उसाचं. इथेनॉल हवेतली ओल शोषतं आणि जुन्या रबराला, पडद्यांना त्रास देतं. बऱ्याच मशीनच्या मॅन्युअलमध्ये १० टक्क्यांचीच मर्यादा दिलेली असते, ती एकदा वाचाच.

इतिहास अजून चालूच आहे. २०१९ मध्ये स्टीलने कार्बोरेटरच नसलेली, इंजेक्शनवाली करवत आणली. बॅटरीच्या करवती तर पुन्हा १९२६ च्या बटणावर आल्यात! पण वादळानंतर चार दिवस लाईट नसेल तर त्या चार्ज कशावर करणार?

तेव्हा तुमच्या सोसायटीत किंवा गावच्या पंचायतीत अशी मशीन असेल, तर पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून ताजं मिश्रण भरायला सांगा आणि महिन्यातून एकदा, कुणी जाणकार समोर असताना, सुरू करून बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे. आम्ही बॅकअप रिस्टोअर करून बघतो ना, तसंच.

असो. आजच्यापुरतं एवढंच!