रेझोल्यूट ते ग्रीज फिओर्ड: अंतर किती, विमानाला वेळ किती?

थोडक्यात उत्तर: हवाई अंतर सुमारे 380 किमी, छोट्या विमानाने साधारण दीड तास. आता हे आकडे येतात कुठून ते बघूया.

ही गावं कुठे आहेत?

कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुत प्रदेशात. 2021 च्या जनगणनेत रेझोल्यूटची लोकसंख्या 183 होती, ग्रीज फिओर्डची 144. दोन्ही गावं वेगवेगळ्या बेटांवर आहेत, त्यामुळे मधे रस्ता नाही. 1953 मध्ये कॅनडा सरकारने इनुइट कुटुंबांना दक्षिणेकडून जहाजाने इथे आणून वसवलं. आपली ताटातूट होऊन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवणार आहेत, हे त्यांना प्रवासातच कळलं. 2010 मध्ये सरकारने त्याबद्दल माफी मागितली. म्हणजे हे 380 किमी नातेवाइकांमधलं अंतर आहे.

अंतर कसं काढायचं?

रेझोल्यूट: 74.7 अंश उत्तर, 94.8 अंश पश्चिम
ग्रीज फिओर्ड: 76.4 अंश उत्तर, 82.9 अंश पश्चिम

अक्षांशातला फरक 1.7 अंश, रेखांशातला 11.9 अंश. अक्षांशाचा 1 अंश जवळपास सगळीकडे 111 किमी भरतो. रेखांशाचा अंश मात्र ध्रुवाकडे जाताना आखडत जातो. पुण्याच्या अक्षांशावर तो सुमारे 105 किमी असतो, इथे फक्त 28.

उत्तरेकडे: 1.7 × 111 = 189 किमी
पूर्वेकडे: 11.9 × 28 = 333 किमी

शाळेतला पायथागोरस लावा, उत्तर येतं 383. ॲपमध्ये आम्ही डेव्हलपर यासाठी हॅवरसाइन हे सूत्र वापरतो. ते पृथ्वीचा गोलावा धरतं आणि 380 च्या आसपास उत्तर देतं. रेखांशालाही 111 ने गुणलं असतं, तर अंतर थेट 1,330 किमी आलं असतं!

मग वेळ किती?

वेळ म्हणजे अंतर भागिले वेग. बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये मोठ्या जेटचा ताशी 800 किमी वेग धरलेला असतो, म्हणून ते अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ दाखवतात. पण ग्रीज फिओर्डची धावपट्टी खडीची आणि आखूड आहे. तिथे ट्विन ऑटरसारखं दोन पंख्यांचं छोटं विमान लागतं. ताशी 270 किमी धरले, तर 1 तास 25 मिनिटं. समोरून ताशी 50 किमी वारा असेल, तर पावणेदोन तास.

गंभीर आजारी माणसाला इथून विमानानेच हलवावं लागतं. अशा वेळी अर्धा तास आणि पावणेदोन तास यातला फरक फार मोठा असतो. शिवाय धुकं किंवा हिमवादळ असेल, तर विमान उडतच नाही. म्हणून ॲपमध्ये 'फ्लाइट टाइम' दिसला की आधी बघा, वेग कुठल्या विमानाचा धरलाय?