चूक कुणाची? मोटार अपघात, भरपाई आणि ‘नो-फॉल्ट’चा इतिहास

मागच्या वेळी आपण ‘जबाबदारी’ या शब्दाचा विचार केला. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला: “सर, आमची काही चूक नव्हती, म्हणजे आमचा नो-फॉल्टचा दावा होतो ना?” प्रश्न अगदी व्यवहारातला आहे, पण त्यात एक मोठा घोटाळा दडलेला आहे. आजचा वेळ आपण तो सोडवण्यात घालवू.

घोटाळा असा. ‘माझी चूक नव्हती’ हे एक वाक्य झालं. ‘चूक कुणाची हे विचारायचंच नाही’ हे दुसरं. बोलताना आपण दोन्हींना नो-फॉल्ट म्हणतो. कायद्याच्या भाषेत फक्त दुसरं नो-फॉल्ट. मराठी कायदेपुस्तकांत त्याला ‘दोषविरहित दायित्व’ म्हणतात. पहिल्या प्रकारात समोरच्याची चूक आपल्याला सिद्ध करावी लागते, आणि ती झाली तर पूर्ण भरपाई मिळते. दुसऱ्यात काही सिद्ध करावं लागत नाही, पण रक्कम ठरलेली आणि बेताची. हा फरक ध्यानात न घेता कागदावर सही केली, तर एखाद्या कुटुंबाचं आयुष्यभराचं नुकसान होतं. किती, ते पुढे आकड्यांतच बघू.

आधी थोडं मागे जाऊ. इंग्रजांच्या जुन्या कायद्यात एक विचित्र गोष्ट होती. माणूस जखमी झाला तर तो दावा लावू शकत असे. मेला, तर त्याचा दावाही त्याच्याबरोबर संपे. म्हणजे जखमी करण्यापेक्षा जिवे मारणं स्वस्त! इंग्लंडमध्ये हे १८४६ साली बदललं, आणि आपल्याकडे १८५५ च्या प्राणांतिक अपघात कायद्याने मृताच्या बायकोमुलांना आणि आईवडिलांना दावा करण्याची वाट मिळाली. तेव्हा मोटार जन्मालाही आली नव्हती. पण त्या कायद्यात एक अट होती, ती पुढे सव्वाशे वर्षं टिकली: मृत्यू कुणाच्या तरी गैरकृत्याने, हलगर्जीपणाने किंवा कसुरीने झालेला असला पाहिजे.

या अटीच्या मागे एक जुना विचार आहे. ॲरिस्टॉटलने न्यायाचे दोन प्रकार सांगितले. एक, ज्याने बिघडवलं त्याने भरून द्यावं. दुसरा, समाजाजवळ जे आहे त्याची वाटणी नीट व्हावी. वर्गात आम्ही हे शिकवत असू तेव्हा मुलांना पहिला प्रकार लगेच पटे. दुसऱ्याला हमखास हात वर व्हायचा: “ज्याने काही केलं नाही, त्याने का द्यावं?” मोटार अपघाताच्या कायद्याचा सगळा इतिहास म्हणजे या वर आलेल्या हाताला दिलेलं उत्तर आहे.

पहिलं उत्तर कारखान्याने दिलं. जर्मनीत १८८४ साली, इंग्लंडमध्ये १८९७ साली आणि आपल्याकडे १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने असं ठरलं की कामावर हात तुटला तर मालकाची चूक शोधत बसायचं नाही. यंत्र चाललं की कधीतरी बोट जाणार. तो धंद्याचाच खर्च आहे. मग रस्त्यावर धावणारं यंत्र वेगळं कसं? हा प्रश्न मात्र आपल्याकडे बराच काळ कुणी नेटाने धसास लावला नाही. १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, त्यातला सक्तीच्या तिऱ्हाईत विम्याचा भाग १९४६ च्या जुलैपासून लागू झाला. १९५६ च्या दुरुस्तीने दिवाणी कोर्टाऐवजी स्वतंत्र दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. विमा आला, न्यायाधिकरण आलं. चूक सिद्ध करण्याचं ओझं मात्र होतं तिथेच राहिलं.

ते ओझं किती जड होतं बघा. १९६० च्या डिसेंबरात नागपूरहून पांढुर्ण्याकडे निघालेली एक मोटार रस्ता सोडून झाडावर आदळली आणि आतला प्रवासी गेला. गाडी झाडावर का गेली, हे त्याच्या बायकोने कसं सिद्ध करायचं? ती काही गाडीत नव्हती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तिथे न्यायाधीशांनी म्हटलं की ही घटना स्वतःच बोलते. नीट चालवलेली गाडी रस्ता सोडून झाडाकडे जात नाही. न्याय मिळाला, पण साल होतं १९७७. सतरा वर्षं!

त्याच १९७७ साली मुंबईहून गेलेल्या दुसऱ्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बरोबर उलट दिशेला दार लावून घेतलं. मुंबई उच्च न्यायालयाने धाडस करून म्हटलं होतं की विमा सक्तीचा केला याचाच अर्थ असा की मालकाची जबाबदारी चुकीवर अवलंबून नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाही. विमा हा फक्त पैसे वसूल होण्याचा मार्ग आहे, जबाबदारीचा पाया अजून हलगर्जीपणाच आहे, आणि तो बदलायचा तर संसदेने बदलावा. आमच्या मते तर्क म्हणून सर्वोच्च न्यायालय बरोबर होतं. माणुसकी मुंबईच्या बाजूला होती.

मग दोन्हीकडून रेटा आला. विधी आयोगाने १९७२ च्या अहवालात, पळून गेलेल्या वाहनांच्या संदर्भात, आणि पुन्हा १९८० साली हा विषय मांडला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७९ च्या निकालांत बजावलं की रस्त्यावर मरणाऱ्या गरिबांसाठी कायदा नो-फॉल्टकडे वळलाच पाहिजे. अखेर १ ऑक्टोबर १९८२ पासून कलम ९२-अ आलं. मृत्यूला १५,००० रुपये, कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. चूक विचारायची नाही. आणि त्यात एक फार महत्त्वाचं पोटकलम होतं: मृताची स्वतःची चूक असली, तरीही ही रक्कम कापायची नाही.

रक्कम चिमूटभर होती, पण तत्त्व मोठं होतं. १९८७ साली गुजरात राज्य परिवहनाच्या खटल्यात न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी ते स्पष्ट केलं: जुन्या इंग्रजी नियमापासून हा मुद्दाम घेतलेला फारकतीचा निर्णय आहे. १९८८ च्या नव्या कायद्यात तेच कलम १४० झालं, आकडे २५,००० आणि १२,००० झाले, आणि १९९४ मध्ये ५०,००० आणि २५,०००. ही सगळी अंतरिम रक्कम, बरं का. आधी घरात चूल पेटू द्या, मग चूक कुणाची याचा वाद कोर्टात सावकाश घाला, अशी त्यामागची कल्पना होती. एवढी शहाणी तरतूद आमच्या पाहण्यात फार थोडी आहे.

१९९४ च्या नोव्हेंबरात कलम १६३-अ आलं आणि त्याबरोबर एक तक्ता. वय बघायचं, उत्पन्न बघायचं, तक्त्यातला आकडा घ्यायचा, मोकळं व्हायचं. पण तक्त्याची वरची मर्यादा होती वर्षाला ४०,००० रुपये उत्पन्न. जो कमावत नाही त्याचं उत्पन्न धरायचं १५,०००, आणि गृहिणीचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांश. (घरात राबणाऱ्या बाईची किंमत नवऱ्याच्या पगारावरून ठरवायची, ही युक्ती कुणाला सुचली असेल देव जाणे. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला स्वतंत्र मोल आहे हे ठणकावून सांगितलं.) महागाईप्रमाणे तक्ता बदलण्याचा अधिकार कायद्याने केंद्र सरकारला दिलेला होता. न्यायालयाने वारंवार आठवण केली. तक्ता बदलला २०१८ च्या मे महिन्यात. मधली २४ वर्षं तो १९९४ मध्येच थांबला होता. महिना साडेतीन हजार मिळवणारा मजूरही त्याच्या बाहेर पडला, कारण २००४ साली न्यायालयाने ४०,००० ची मर्यादा काटेकोर पाळायला सांगितली होती. चालकाची चूक विचारायची नाही असं ठरलं खरं. तक्ता न बदलणाऱ्याची चूक कुणी विचारायची?

आणि हाकलून दिलेली चूक मागच्या दाराने परत येत राहिली. कलम १४० मधलं ‘मृताची चूक असली तरी कापायचं नाही’ हे वाक्य १६३-अ मध्ये नव्हतं. विमा कंपन्यांनी ते नेमकं हेरलं आणि म्हणू लागल्या, चूक त्याचीच होती, आम्ही का द्यावं? २०११ साली दोन न्यायाधीशांच्या पीठाने ते मान्य केलं. २०१७ साली तीन न्यायाधीशांनी ते खोडून काढलं: कंपनीला चूक काढू दिली, तर हे कलम आणि जुना दावा यांत फरकच उरत नाही. सहा वर्षं हा गोंधळ होता.

आता आजची स्थिती. २०१९ च्या दुरुस्तीने १४० आणि १६३-अ ही दोन्ही कलमं गेली. १ एप्रिल २०२२ पासून त्यांच्या जागी कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक सिद्ध न करता. ठोकून पळालेलं वाहन सापडलंच नाही, तर सरकारी योजनेतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,०००. आकडे वाढले, हे मान्यच करायला हवं. पण अंतरिम रकमेची ती जुनी शहाणी रचना बदलली. आता १६४ ची रक्कम ठरलेल्या पद्धतीने स्वीकारली, की कलम १६६ चा मोठा दावा संपतो.

आता ते आकडे. समजा, बत्तीस वर्षांचा स्वतःचा धंदा करणारा माणूस, महिना २०,००० मिळकत, मागे बायको आणि दोन मुलं. समोरच्या ट्रकची चूक आहे आणि ती सिद्ध होते. २००९ आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांप्रमाणे हिशेब असा: वर्षाचे २,४०,०००, पुढे मिळकत वाढली असती म्हणून ४० टक्के धरून ३,३६,०००, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा, राहिले २,२४,०००, या वयाला गुणक १६. झाले ३५,८४,०००. शिवाय अंत्यसंस्कार वगैरेची किरकोळ भर वेगळी. त्याची निम्मी चूक निघाली, तरी सुमारे १८ लाख. आणि नो-फॉल्टखाली? पाच लाख.

म्हणून ज्यांची खरोखरच चूक नव्हती, त्यांनी ‘नो-फॉल्ट’ या शब्दाला भुलू नये. त्यांची वाट १६६ ची आहे. त्यासाठी लागतात ते कागद साधेच: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल किंवा दवाखान्याची बिलं आणि अपंगत्वाचा दाखला, वयाचा आणि मिळकतीचा पुरावा, समोरच्या गाडीचा नंबर आणि विम्याची माहिती. पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. तो गेला की नाही, हे घरच्यांनी जाऊन विचारावं, लाजू नये. अपघात सोलापुरात झाला आणि घर रत्नागिरीत असलं, तर दावा रत्नागिरीत लावता येतो. मुदत सहा महिन्यांची आहे. १९९४ मध्ये काढून टाकलेली ही मुदत २०२२ पासून परत आली. तिच्यावर न्यायालयात वाद आहेत, पण त्या वादाच्या भरवशावर कुणी थांबू नये.

आणि जिथे खरंच कुणाची चूक दाखवता येत नाही? १९८६ साली उत्तर प्रदेशात एका जीपचा टायर फुटला, जीप उलटली, आणि पायी चाललेला माणूस गेला. चालकाचा हलगर्जीपणा नाही म्हणून न्यायाधिकरणाने दावा फेटाळला, उच्च न्यायालयानेही. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की धोक्याची वस्तू रस्त्यावर आणणाऱ्याने तिचा धोका सोसलाच पाहिजे, आणि भरपाई दिली. आपण अशा वेळी ‘प्रारब्ध’ म्हणतो. तेही एक प्रकारचं दोषविरहित उत्तरच आहे, फक्त त्यातून मुलांची फी भरता येत नाही.

एक जागा मात्र अजून रिकामी आहे. स्वतःचीच दुचाकी घसरून मालक गेला, दुसरं वाहन नाही, तर नो-फॉल्टखालीसुद्धा त्याच्या घरच्यांना काही मिळत नाही, कारण स्वतःविरुद्ध दावा लावता येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. पूर्वी दुचाकीला तो एक लाखाचा असे, २०१८ नंतर १५ लाखांचा झाला. त्यासाठी अपघाताच्या वेळी चालकाजवळ वैध लायसन्स असावं लागतं. विम्याचं नूतनीकरण करताना पॉलिसीच्या कागदावर हप्त्याची वेगळी ओळ असते. ती तिथे आहे का, हे घरी गेल्यावर एकदा बघून घ्या.