कप आला, पण पोरांचं काय?

कॅनडाच्या सॅस्कॅचवान प्रांतात स्विफ्ट करंट नावाचं छोटं शहर आहे. आपलं तालुक्याचं गाव असतं ना, तसंच. १९८६ साली तिथल्या लोकांनी ब्रॉन्कोज हा ज्युनियर आइस हॉकी संघ लेथब्रिजहून परत आणला. पोरं विशीच्या आतबाहेरची, बरीचशी घरापासून लांब आलेली.

३० डिसेंबर १९८६. सामन्यासाठी रेजायनाला निघालेली संघाची बस गावाबाहेर पडली आणि बर्फानं गोठलेल्या रस्त्यावरून घसरून उलटली. मागच्या बाजूला पत्ते खेळत बसलेली चार पोरं गेली. तरी संघानं हंगाम सोडला नाही, थेट प्लेऑफ गाठली. १९८९ मध्ये तर ज्युनियर हॉकीतला देशाचा सर्वोच्च मेमोरियल कप जिंकला. 'द हॉकी न्यूज'नं प्रशिक्षक ग्रॅहम जेम्सला वर्षाचा मानकरी ठरवलं.

गोष्ट इथंच संपली असती तर सिनेमा झाला असता. पण त्या अपघातातून वाचलेला शेल्डन केनेडी १९९६ मध्ये पुढे आला. जेम्सनं आपलं वर्षानुवर्षं लैंगिक शोषण केलं, हे त्यानं सांगितलं. जानेवारी १९९७ मध्ये जेम्सनं गुन्हा कबूल केला. साडेतीन वर्षांची शिक्षा झाली.

जिंकून देणाऱ्याला कोण प्रश्न विचारणार? आम्ही पत्रकारही फोटो छापून मोकळे होतो. आपल्याकडंही पोरं खेळासाठी लांब वसतिगृहात राहतात. त्यांना भेटायला जाल तेव्हा पदकाआधी पोराची चौकशी करा. प्रशिक्षकासमोर नको, एकट्याला बाजूला घेऊन. आणि तो बोलला, तर आधी ऐकून घ्या.