गीतरामायणाचे पुनर्गायन

कीर्ती स्थिरावल्यानंतर गायकाने आपलीच जुनी, गाजलेली गाणी पुन्हा ध्वनिमुद्रित करावीत, हा प्रकार जगात नवा नाही. अमेरिकेतील फ्रँक सिनात्रा याने १९६३ साली आपली पूर्वीची गाणी नव्याने गाऊन त्यांचा एक संग्रह काढला. 'रॉक' नावाच्या संगीतप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक जो चक बेरी, त्याने १९६७ साली कंपनी बदलताच तोच मार्ग धरिला. आणि रॉजर वॉटर्स याने पिंक फ्लॉइड या आपल्या जुन्या मंडळीसमवेत १९७३ साली केलेली संपूर्ण तबकडी २०२३ साली, वयाच्या ऐंशीच्या घरात, एकट्याने पुन्हा घडविली. या उद्योगास रसिकांकडून बहुधा थंड स्वागत लाभते. माणसाच्या कानात जे गाणे प्रथम शिरले तेच त्याच्या दृष्टीने खरे. दुसरे कितीही निर्दोष असले तरी ते नक्कल ठरते, आणि ती नक्कल खुद्द मूळ गायकाने केली असली तरी तिची सुटका होत नाही. चक बेरीची नवी गाणी आज मुद्दाम शोधून कोण ऐकतो?

आपल्या मराठीत मात्र असे एक उदाहरण आहे की, जेथे हा न्याय साफ उलटा झाला. दुसरे गायन पहिल्याच्या जागी येऊन बसले, आणि पहिले होऊन गेले होते याचाही दोन पिढ्यांस जवळजवळ विसर पडला. हे उदाहरण म्हणजे ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे गीतरामायण.

१९५३ च्या २ ऑक्टोबरास पुणे आकाशवाणी केंद्र सुरू झाले. दीडच वर्षाने, १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, त्या केंद्रावरून गीतरामायणाचे पहिले गीत प्रसृत झाले. कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची. काव्य माडगूळकरांचे, स्वररचना फडक्यांची. हे दोघेही १९१९ साली जन्मलेले, म्हणजे त्या वेळी पस्तिशीचे. दर आठवड्यास एक गीत याप्रमाणे वर्ष भरावयाचे होते. पण त्या शकात अधिक मास आला आणि गीतांची संख्या छप्पन झाली. पंचांगाने काव्याची लांबी ठरवावी, असा योग वाङ्मयाच्या इतिहासात क्वचितच येत असेल!

या पहिल्या गायनाचे स्वरूप आज नीट ध्यानात घेतले पाहिजे. ते एकट्या फडक्यांचे नव्हते. माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, राम फाटक, सुरेश हळदणकर अशी नामांकित मंडळी त्यात गायिली. प्रत्येक गीत रामकथेतील एकेका पात्राच्या मुखी घातलेले, आणि ज्या पात्राचे गीत त्यास शोभेलसा गळा निवडलेला. सीता माणिक वर्मांच्या कंठातून बोलली, कौसल्या ललिताबाईंच्या. आणि अखेरीस वनात टाकलेल्या सीतेने लक्ष्मणास विचारलेला तो हृदयद्रावक प्रश्न लताबाईंच्या स्वरात महाराष्ट्राने ऐकला. थोडक्यात, ते एक श्राव्य संगीत नाटक होते. पडदा नव्हता, पण भूमिकांची वाटणी होती.

हे सारे आठवड्याच्या घाईत उरकत असे. पहिल्याच गीताचा कागद ऐन वेळी हरवला आणि लाडांनी माडगूळकरांना खोलीत कोंडून ते पुन्हा लिहवून घेतले, अशी एक आख्यायिका रूढ आहे. आख्यायिकेचा तपशील सोडून दिला तरी तिच्या पोटातले सत्य उरतेच. शाई वाळते न वाळते तोच चाल, चाल बसते न बसते तोच ध्वनिमुद्रण, आणि लगेच पुढल्या गीताची चिंता. एवढ्या ओढाताणीत छप्पन गीते इतकी एकजीव कशी उतरली, याचे आश्चर्य वाटते. त्या वेळचे श्रोते रेडिओच्या पेटीस हार घालीत व उदबत्ती लावीत, असे वृद्ध लोक सांगतात. ते अतिशयोक्त मानण्याचे कारण नाही.

पुढे दहा वर्षे लोटली. मधल्या काळात फडके गावोगाव, सभागृहांतून व मोकळ्या मंडपांतून, ही गीते एकटे गात राहिले. १९६५ साली हिज मास्टर्स व्हॉइस कंपनीने दहा लाँग प्ले तबकड्यांचा संच काढला, आणि त्यात राम, सीता, दशरथ, भरत, शूर्पणखा, हनुमान ही सर्व पात्रे एकट्या सुधीर फडक्यांच्या आवाजात बोलू लागली.

येथे यंत्राविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. जुनी तबकडी मिनिटास अठ्ठ्याहत्तर फेरे घेई आणि एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. आपली कित्येक नाट्यपदे त्या तीन मिनिटांत कोंबताना कशी छाटली गेली, हे जुन्या तबकड्या ऐकणारास ठाऊकच आहे. गीतरामायणातील पुष्कळ कडव्यांचे एखादे गीत तीन मिनिटांत आटोपावयाचे म्हणजे रामास वनवासातून चौथ्याच वर्षी परत आणण्यासारखे होय. मिनिटास तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी लाँग प्ले तबकडी आली, तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक गायन मावू लागले, आणि मगच हे पुनर्गायन शक्य झाले. दहा तबकड्या म्हणजे वीस बाजू; छप्पन गीतांस बाजूमागे सरासरी तीनाहून किंचित कमी, असा तो हिशेब अगदी बेताने बसला.

परंतु याच यंत्राने एक अडचणही निर्माण केली. चावीचा जुना ग्रामोफोन वीज नसलेल्या गावातही चाले. लाँग प्ले तबकडी त्यावर चालत नाही, इतकेच नव्हे, तर त्याची जड पोलादी सुई तिच्या बारीक रेषा ओरबाडून टाकते. ठाणे जिल्ह्यातील आमचे शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके घ्या. शहापुरास आसनगावचे रेल्वे स्टेशन तरी जवळ. मुरबाडास तेही नाही, कल्याणाहून माळशेज घाटाकडे जाणारी सडक हीच त्याची जीवनरेखा. शहापूर तालुक्यातील तानसा तलावाचे पाणी १८९२ पासून मुंबईची तहान भागवीत आले, पण त्या तलावाच्या आसपासच्या पाड्यांत विजेचा दिवा लागावयास पुढे किती तरी दशके जावी लागली. अशा मुलुखात दहा तबकड्यांचा संच आणि तो वाजविणारे विजेचे यंत्र घरी बाळगणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकीच असावयाची. तरीही गीतरामायण तेथे पोहोचले. ते पोहोचविले लाउडस्पीकरवाल्याने. मोटारीची बॅटरी, ध्वनिवर्धकाची पेटी, दोन कर्णे आणि तबकड्यांची पत्र्याची ट्रंक घेऊन हा गृहस्थ लग्नात, गणेशोत्सवात, जत्रेत हजर असे. आपल्या सांस्कृतिक इतिहासात याचे नाव कोठे लिहिले जात नाही. पण १९६५ नंतरची वीस वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने कोणते गाणे ऐकावे हे पुष्कळ अंशी यानेच ठरविले, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे बालपण याच भागात गेले. १९७०-८० च्या दरम्यान रामनवमीस भर दुपारी देवळावरच्या कर्ण्यातून रामजन्माचे गीत लागे. ते गीत वस्तुतः एका सखीने दुसरीस उद्देशून म्हटलेले आहे. पाळण्याची दोरी हाती धरलेल्या बायका, सुंठवड्यासाठी ताटकळलेली आम्ही पोरे, गाभाऱ्यात घामाघूम झालेले पुजारी, यांपैकी कोणासही ते स्त्रीचे गीत पुरुषाच्या आवाजात ऐकताना काही वावगे वाटले नाही.

ते का वाटले नाही, हाच खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

एक उत्तर असे की मराठी कानास याची जुनी सवय होती. रंगभूमीवर बालगंधर्वांनी रुक्मिणी आणि सिंधू गाऊन पुरुषकंठातील स्त्रीत्व आमच्या आजोबांच्या अंगवळणी पाडले होते. पण शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत गंधर्व नाटक मंडळी कधी उतरली? तेव्हा हे उत्तर पुण्या-मुंबईपुरते ठीक. खेड्यात याहून जुनी वहिवाट होती, ती कीर्तनाची. उत्तररंगात हरदास आख्यान लावतो तेव्हा तो एकटाच कैकेयी होऊन हट्ट धरतो, दशरथ होऊन मूर्च्छित पडतो आणि लगेच उपरणे सावरून श्रोत्यांस निरूपणही सांगतो. शहापुराच्या उत्तरेस लागूनच असलेल्या मोखाड्याच्या मुलखात बोहाडा होतो. त्यातही देवदैत्यांचे मुखवटे, राक्षसिणींचेसुद्धा, पुरुषच नाचवितात. आवाज एकाचा आणि पात्रे अनेक, ही कथनाची रीत या मातीस परकी नव्हती. परके म्हणावयाचे तर आकाशवाणीवरचे पहिले, वाटणी केलेले गायनच म्हणावे लागेल.

याहूनही मागे जाता येते. वाल्मीकीच्या काव्यातच रामायण गाणारे कोण? कुश आणि लव हे दोन मुलगे. रावणाचा गर्व आणि सीतेचा विलाप ही सारी त्यांच्याच मुखातून रामाच्या सभेत ऐकविली जातात. माडगूळकरांनीही आपल्या काव्याचा आरंभ याच प्रसंगाने केला आणि शेवट वाल्मीकीने मुलांस केलेल्या गायनाच्या उपदेशाने. म्हणजे छप्पन गीतांची चौकटच अशी की, ती सर्व बोलणारांची नसून सांगणारांची आहेत. १९५५ साली नाटकाच्या अंगाने सादर झालेले हे काव्य १९६५ साली पुन्हा कथेकऱ्याच्या हाती आले, आणि माझ्या मते ते आपल्या मूळ घरी आले. दहा वर्षे लोकांसमोर गाऊन फडक्यांनी जे कमावले तेही या दुसऱ्या गायनात उतरले आहे. कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर स्वर न लावता तो नुसता ठेवून द्यावा, हे त्यांस आता ठाऊक होते. शब्दाचा इतका आदर करणारा गायक मराठीत विरळाच. संस्कृत, हिंदी, कन्नड, तेलुगु आदी भाषांतून गीतरामायण गेले तेही फडक्यांच्याच चाली कायम ठेवून. यावरून त्या चालींची पकड दिसते.

येथवर दुसऱ्या गायनाची वकिली झाली. पण इतिहासकाराने वकिलाचा झगा फार वेळ अंगावर ठेवू नये. आपल्या वाङ्मयात याला जुळणारा एक दाखला आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ती इतकी सर्वमान्य झाली की नाथपूर्व पाठ मागे पडला, आणि वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली तसली एक जुनी प्रत छापून काढली तेव्हा मराठी भाषेचे एक निराळेच रूप अभ्यासकांच्या नजरेस आले. नाथांची प्रत वाईट म्हणून राजवाड्यांची प्रत मोलाची ठरली असे नव्हे. चांगल्या प्रतीच्या आड जे झाकले गेले, ते केवळ झाकले गेले म्हणून नाहीसे होत नाही, एवढेच तिने दाखविले.

गीतरामायणाच्या पहिल्या गायनापैकी पुष्कळसे आज ऐकावयास मिळते. ते ऐकताना झाकले गेले काय, हे एका क्षणात कळते. झाकल्या गेल्या त्या स्त्रिया. फडक्यांची सीता ऐकताना आपणांस सीतेची करुणा येते; लताबाईंची ऐकताना सीता स्वतःच समोर उभी राहते, आणि करुणेपेक्षा तिच्या प्रश्नाची धार अधिक जाणवते. कथेकरी सीतेची बाजू मांडतो, आणि उत्तम मांडतो. पण बाजू मांडणारा आणि जिच्यावर बेतली ती, यांत भेद राहतोच. कौसल्येच्या गीतांतही हाच अनुभव येतो. वनवासाच्या प्रसंगी आईने मुलास अडविणे हे गायनाच्या दृष्टीने पुरुषास साधणारे आहे. पण ललिताबाईंच्या स्वरात जे एक घरगुती, न आवरणारे काही आहे, ते दुसऱ्या गायनातल्या संयमात बसत नाही. दहा वर्षांच्या मुरण्याने जसे पुष्कळ मिळते तसे काही जातेही. कॅनडातील पियानोवादक ग्लेन गूल्ड याने बाखची एक प्रसिद्ध रचना १९५५ सालीच प्रथम मुद्रित केली आणि मृत्यूच्या आदल्या वर्षी, १९८१ मध्ये, पुन्हा वाजविली. तेथील रसिक दोन्ही वादने शेजारी ठेवतात आणि कोणते श्रेष्ठ यावर आनंदाने भांडतात. आपल्याकडे असे भांडण फारसे झालेच नाही. भांडावयास दोन प्रती समोर असाव्या लागतात.

माडगूळकर १९७७ साली गेले. फडके पुढे पाव शतक गीतरामायण गात राहिले व २००२ साली त्यांनीही इहलोक सोडला. लाउडस्पीकरवाल्याच्या ट्रंकेतील तबकड्यांची जागा आधी फितींनी घेतली, मग हातातल्या टेलिफोनने. आवाज मात्र तोच राहिला. आमच्या बाजूच्या शाळा-कॉलेजांतील गायनस्पर्धांस मी कधी कधी परीक्षक म्हणून जातो. रामनवमीच्या आसपासची स्पर्धा असली की एखादी मुलगी सीतेचे गीत निवडतेच. गळा चांगला असतो, तयारीही असते. पण पहिल्या ओळीत ती खालच्या पट्टीत चाचपडते, कारण पट्टी तिची नसून तबकडीची असते. श्वास घेण्याच्या जागा फडक्यांच्या, शब्द सोडण्याची लकबही फडक्यांचीच. स्त्रीचे बोल ती पुरुषाकडून शिकून आलेली असते. मागच्या खेपेस अशाच एका मुलीस मी स्पर्धेनंतर बोलावून पहिले, लताबाईंचे गायन ऐकविले. ते संपल्यावर तिने एवढेच विचारले, "सर, हे आधीचं आहे की नंतरचं?"